नीलिमाच्या वाट्याचा ऑगस्ट

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कामाला जाणं म्हणजे दाराबाहेर पडणं. वडील गिरणीत होते तेव्हा त्यांची पाळी ठरलेली असायची. शेजारच्या काकू दवाखान्यात कामाला, त्या साडेसहाला डबा घेऊन निघायच्या. मी मात्र खिडकीपाशी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली. त्यामुळे मी चित्रकार आहे हे चाळीला मान्य असलं तरी मी कामावर आहे हे कुणालाच मान्य नव्हतं. गॅसचा सिलिंडर घ्यायला, कुणाच्या पाहुण्यांना किल्ली द्यायला, पाण्याची वेळ सांभाळायला ‘सुजाता घरीच असते’. आई तर शेवटपर्यंत अधूनमधून विचारायची, ‘आज तुला सुट्टी काय गं?’ पंचाईत अशी की वर्षातले निम्मे दिवस त्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो’ असंच होतं.

फ्रीलान्स चित्रकाराचं वर्ष कसं असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सगळं करायचे. कथांना चित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका, लहान मुलांच्या पुस्तिकांतले आंबे आणि बदकं, आणि जाहिरात कंपन्यांचे स्टोरीबोर्ड. जाहिरातीचं शूटिंग व्हायच्या आधी ती कशी दिसणार हे चौकटीचौकटींत काढून दाखवायचं, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. फेब्रुवारी ते मे पुस्तिकांचं काम, कारण जूनला शाळा उघडतात. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवाळी अंक आणि सणांच्या जाहिराती एकदमच अंगावर येतात. तेव्हा जेवायचंसुद्धा लक्षात राहत नाही. जून-जुलैत बाहेर पाऊस आणि घरात दुष्काळ. दिवाळीनंतर थोड्या पत्रिका, मग पुन्हा सामसूम. कामाचं वाटप असं असेल तर ते जमवायचं कसं, हे आम्हाला आर्ट स्कूलमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. छायाप्रकाश शिकवला, प्रपोर्शन शिकवलं, जून कसा काढायचा ते शिकवलं नाही.

मला ते शिकवलं नीलिमा परबने.

नीलिमा माझ्या वर्गातली. राहायला लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या मागे, वडिलांबरोबर. ते मालवणकडचे, तेही गिरणीतून निवृत्त झालेले. तीही माझ्यासारखी घरून काम करायची. आम्ही दोघींनी कधी बसून ठरवलं नाही, पण एक रीत पडून गेली. जिच्याकडे काम उतू चाललं असेल तिने दुसरीला द्यायचं. सकाळी दहाच्या सुमाराला फोन यायचा, नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, ‘काही आहे का?’ असेल तर ती चालत निघायची. करी रोडच्या पुलावरून लालबाग ते आमची चाळ, रमतगमत आलं तरी वीस मिनिटं. मग दोन बोर्ड समोरासमोर, मध्ये शाईची बाटली, आणि आईच्या हातचा चहा.

तिला माझी रेष हुबेहूब यायची. मला तिची यायची नाही, पण माझी रंगसंगती तिच्याहून बरी. आणि हात! माणसाचे हात मला कधीच नीट जमले नाहीत. चेहरा, उभं राहण्याची ढब, साडीची चुणी, सगळं यायचं, पण मनगटाच्या पुढे गेलं की माझी माणसं केळ्याचा घड घेऊन उभी आहेत असं वाटायचं. त्यामुळे मी चित्र पूर्ण करून हातांच्या जागा मोकळ्या सोडायचे आणि बोर्ड तिच्याकडे सरकवायचे. त्या काळातल्या माझ्या बऱ्याच चित्रांतले हात नीलिमाचे आहेत. खाली सही माझी आहे.

चौदा एप्रिलला आमच्या चाळीत जयंतीचा फलक असायचा. एप्रिल हा माझा भरलेला महिना, तरी ते काम मी कधी सोडलं नाही, आणि नीलिमानेही नाही. बाबासाहेबांच्या हातातलं पुस्तक आणि ते धरलेली बोटं ती काढायची. एका वर्षी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी गंभीरपणे तिला विचारलं होतं की ताई, पुस्तकाचं नाव वाचता येईल असं लिहाल का. तिने विचारलं, कुठलं लिहू? त्यावर मंडळात जो वाद झाला तो तीन दिवस चालला. शेवटी पुस्तक बिननावाचंच राहिलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हांची भेटली, पण एक माटुंग्याचे आजोबा विसरता येत नाहीत. जुलै महिना होता, दोघीही रिकाम्या. आजोबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि त्या समारंभाच्या पत्रिकेवर त्यांना आख्खं कुटुंब हवं होतं, प्रत्येकजण ओळखू येईल असं. मुलं, सुना, जावई, नातवंडं मिळून चौतीस माणसं. फोटोंची पिशवीच आणून दिली. रोज दुपारी त्यांचा फोन. टक्कल पडलेल्या थोरल्या जावयाला थोडे केस द्या. धाकट्या सुनेला पहिल्या रांगेत घ्या, नाहीतर ती येणार नाही. एक फोटो मात्र त्यांनी पिशवीतून काढून परत खिशात घातला होता. तो त्यांच्या भावाचा. बऱ्याच वर्षांत बोलणं नाही, त्याला काढायचं नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

आम्ही माणसं वाटून घेतली. काढता काढता माझ्या लक्षात आलं की आजोबांच्या डाव्या बाजूला नीलिमाने एका माणसाएवढी जागा मोकळी सोडली आहे. मी म्हटलं, इथे भोक दिसतंय, रांग सरकव. ती म्हणाली, ‘राहू दे. घेतील शेवटी.’ पत्रिका छापायला जायच्या आदल्या दिवशी आजोबा स्वतः आले, जिने चढून, धापा टाकत. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि खिशातून तो फोटो काढून माझ्या बोर्डावर ठेवला. नीलिमाने अर्ध्या तासात भाऊ काढला, तोही आजोबांच्या खांद्यावर हात ठेवलेला.  आजोबा चित्र बघून फक्त म्हणाले की त्याचा हात असाच आहे, जड.

अशी होती नीलिमा. आता तिच्याशी मी काय केलं ते सांगते.

त्या वर्षी आमचा पुस्तिकावाला प्रकाशक तयार चित्रं वापरायला लागला आणि फेब्रुवारी-मार्चचं काम आलंच नाही. म्हणजे दिवाळीपासून जी सामसूम सुरू झाली ती जुलै संपला तरी संपेना. नऊ महिने. सुरुवातीला माणूस कपाट आवरतो, ब्रश धुतो, जुनी चित्रं लावून ठेवतो. मग फोन चार्ज आहे ना हे दर तासाला बघतो. मग आपल्याला चित्रं येतात हेच खोटं वाटायला लागतं. मी भाजी आणायलासुद्धा धावत जायचे आणि धावत यायचे. फोन खिशात असला तरी. रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू आला नाही तर, ही भीती. आई म्हणायची की अगं, नीलूकडे जाऊन ये जरा. मी म्हणायचे, जाईन. गेले नाही. तीही बहुतेक तशीच तिच्या घरी बसलेली होती.

आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळं एकदम आलं. पाच दिवाळी अंकांची चित्रं. लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीच्या मोठ्या कॅम्पेनचे स्टोरीबोर्ड. आणि दादरच्या एका प्रकाशन संस्थेत देसाईबाई म्हणून संपादक होत्या, त्यांचा मुलांच्या सहा गोष्टींच्या पुस्तकांचा संच. माझ्या आवाक्याच्या तिप्पट काम होतं. मी सगळ्यांना हो म्हटलं. देसाईबाई म्हणाल्या होत्या की मला तुमच्याच हातचं हवंय. नऊ महिन्यांनी असं कुणी म्हटलं की डोकं ठिकाणावर राहत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला.

‘काही आहे का?’

माझ्यासमोर बोर्डावर अर्धवट रंगवलेला हत्ती होता. पलंगावर अंकांच्या कथांची पाकिटं पसरलेली होती. मी म्हणाले, ‘नाही गं. माझ्याकडेही काही नाही अजून.’

‘अजूनही? ऑगस्ट लागला तरी?’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘येईल. काळजी करू नको.’

फोन ठेवला तेव्हा मला लाज वाटली असं मी आज म्हणू शकते, पण ते खरं नाही. मला हुश्श वाटलं. कुणी आपल्या ताटातला घास मागेल म्हणून ताट पदराखाली घ्यावं, तसं ते होतं. पुन्हा नऊ महिने असे आले तर, एवढाच विचार डोक्यात होता.

दोन दिवसांनी गिरगावातून एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ओळख नव्हती. तुमचं नाव कळलं, मुखपृष्ठ कराल का, असं विचारत होते. मला वाटलं, नाव व्हायला लागलं आपलं. तेही घेतलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहिरात कंपनीने दोन दिवस आपल्याच ऑफिसात बसवून घेतलं. कॅम्पेन गुप्त ठेवायचं म्हणून आत फोन बंद. तिसऱ्या दिवशी मी देसाईबाईंकडे गेले, तेव्हा त्या हसत होत्या. म्हणाल्या, अहो, तुमच्या पुस्तकातल्या एका मुलाला सहा बोटं होती. आमच्या प्रुफं बघणाऱ्याच्या लक्षात आलं. मग बघायला लागलो तर हात बरेच ठिकाणी गडबडलेले. छपाईची वेळ ठरलेली, तुमचा फोन लागेना. तुम्ही दोघी एकच ना, म्हणून मी नीलिमाबाईंना बोलावलं. इथेच बसल्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत, अकरा हात दुरुस्त करून गेल्या. तुमची रेष आहे की त्यांची, सांगता येणार नाही.

मी विचारलं, ती काही म्हणाली का?

देसाईबाई म्हणाल्या, ‘सगळी सहा पुस्तकं शांतपणे चाळली. हे काम कधीपासून चालू आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं, ऑगस्टपासून.’

त्यानंतर मी लालबागला जायला आठ-दहा दिवस लावले. गणपतीची गर्दी आहे, रस्ते बंद आहेत, असं स्वतःला सांगत राहिले. विसर्जन झाल्यावर तेही कारण संपलं. गेले तेव्हा रस्त्यावर बांबू सोडवण्याचं काम चाललं होतं आणि सगळीकडे गुलाल पायाखाली आलेला. नीलिमाच्या बाबांना काहीच माहीत नव्हतं. दारातच म्हणाले, ‘ये गो बाय, किती दिवसान्!’ आणि आत हाक मारली. नीलिमा बाहेर आली, मला बघितलं, आणि आपण गॅलरीत उभ्या राहू म्हणाली. खालून मिरच्या भाजल्याचा खाट येत होता. दोघी खोकलो.

मी म्हणाले, ‘माझं चुकलं.’

‘हो,’ ती म्हणाली.

मी बोलायला लागले. नऊ महिने, भीती, देसाईबाईंचं ‘तुमच्याच हातचं’. तिने मध्येच थांबवलं.

‘सहा बोटांचं मला हसूच आलं, सुजा. घाईत होतं. काम दिलं नाहीस त्याचंही मला फार वाईट वाटलं नाही. मीसुद्धा कधीतरी तसं केलं असतं.’

‘मग?’

‘गिरगावचं मुखपृष्ठ माझं होतं.’

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. माझ्याशी फोनवर बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या संपादकांनी तिला विचारलं होतं. तेवढं एकच काम तिच्याकडे आलं होतं. ‘मला निदान शनिवार-रविवारचा मुलांचा चित्रकलेचा वर्ग तरी आहे. तू नऊ महिने नुसती बसलेली, अजून काही नाही म्हणालीस. मी त्यांना सांगितलं, मला वेळ नाही, सुजाताला विचारा. माझं नाव सांगू नका म्हटलं, नाहीतर तू घेतलं नसतंस.’

खाली कुणीतरी बांबू टाकत होतं, त्यांचा आवाज येत राहिला.  ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, चहा घेऊन जा, बाबांनी ठेवायला घेतलाय. आत आम्ही तिघांनी चहा घेतला. बाबा मला विचारत होते की यंदा कामं कशी आहेत, आणि नीलिमाच उत्तर देत होती, ‘चांगली आहेत तिला, बाबा.’

दिवाळीनंतर तिने कुडाळजवळच्या एका शाळेत चित्रकला शिक्षिकेची नोकरी घेतली. काकांच्या ओळखीची शाळा, गाव तिचं. माझ्यामुळे गेली असं तिने कधी म्हटलं नाही, आणि ते पूर्ण खरं नसेलही. बाबांना गावी जायचं होतंच. मी निरोप द्यायला गेले तेव्हा बांधाबांध चालली होती. मी विचारलं, तुला करमेल का तिकडे? ती म्हणाली, ‘तिथे घंटा होते, काम सुरू होतं. घंटा होते, काम संपतं. मला आता तेवढंच पाहिजे.’ जाऊ नकोस, हे तीन-चार वेळा ओठांवर आलं. पण तो हक्क मी ऑगस्टमध्येच घालवला होता.

त्यानंतरही मी भरपूर काम केलं. हळूहळू शहाणपण आलं. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावून आलेलं प्रत्येक काम त्यावर मांडायला लागले. दिवाळी अंकांच्या संपादकांना मे महिन्यातच फोन करून कथा आधी मागायला लागले, म्हणजे जून-जुलै थोडा तरी भरायचा. आवाक्याबाहेरचं आलं तर ‘माझ्याकडून होणार नाही, अमक्याला विचारा’ असं सांगायला शिकले. नव्या मुलामुलींची नावं दिली, त्यांतल्या काहींचं बरं चाललं आहे. नव्याने या धंद्यात येणारी मंडळी विचारतात, ताई, कामाचा बॅलन्स कसा ठेवता? मी त्यांना हेच सगळं सांगते आणि ती वहीत लिहून घेतात. हे शिकायला काय किंमत पडली ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

हात मला अजून येत नाहीत. नीलिमा गेल्यापासून माझी माणसं खिशात हात घालतात, पाठीमागे हात बांधतात, पदराखाली, घागरीमागे, पुस्तकामागे लपवतात. एका समीक्षकांनी कुठेतरी लिहिलं की या चित्रकर्तीच्या माणसांत एक अबोल संयम आहे. ते वाचून मी इतकी हसले, आणि मग सांगायला शेजारी कुणी नाही म्हणून तशीच बसून राहिले.

आता सामसूम हाच नेहमीचा हंगाम आहे. संगणकाला दोन ओळी सांगितल्या की तो चित्र काढून देतो, आणि बोटांच्या बाबतीत तो माझ्यासारखाच होता, आता तोही सुधारला म्हणतात. या अंकाच्या संपादकांनीसुद्धा मला यंदा चित्राऐवजी लेख मागितला. तक्रार नाही. काम कमी झालं याचं मला वाईट वाटतं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतं ते काम नसतंच. आठवतात ते जून-जुलैचे दिवस. वर्षातले चार-पाच महिने आम्ही दोघी पूर्ण मोकळ्या असायचो, तरुण होतो, तब्येती धड होत्या, आणि एकमेकींपासून वीस मिनिटांवर राहत होतो. राणीच्या बागेत स्केचिंगला जाऊ, गिरगाव चौपाटीवर नुसतं बसू, कुठलं तरी आपलं स्वतःचं पुस्तक करू, असं कितीदा बोललो. एकदाही गेलो नाही. ती तिच्या फोनपाशी बसून राहिली, मी माझ्या. त्या दिवसांना आम्ही रिकामे दिवस म्हणायचो.

आमची चाळ पडली. मी आता त्याच जागेवरच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर राहते. आई नाही. नीलिमाचे बाबाही गेले. आमचे फोन होतात, वाढदिवसाला, दिवाळीला. बोलणं चांगलं होतं, पण बेतानं होतं.

गेल्या मे महिन्यात ती भाचीच्या लग्नाला मुंबईत आली आणि न कळवता एका दुपारी माझ्या दारात उभी राहिली. केस सगळे पांढरे, पाठीला सॅक. आम्ही जेवलो. सुकटीची चटणी तिला अजून तितकीच आवडते. शाळेतल्या पोरांनी काढलेली चित्रं तिने मोबाईलवर दाखवली, एकेका पोराचं नाव सांगत. मग म्हणाली की लग्नघरात झोप नाही गं झाली, जरा पडते. संध्याकाळी सहाला तिला परत निघायचं होतं. दोन मिनिटांत तिला गाढ झोप लागली.

तेवढ्यात फोन वाजला. मी तो घेऊन गॅलरीत गेले. जाहिरात कंपनीतून एक तरुण बोलत होता. चार महिन्यांनी कुणी मला विचारत होतं. हाताने काढलेल्या बारा फ्रेम हव्या होत्या, पण आजच, संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं, आज जमणार नाही, उद्या देते. तो म्हणाला, उद्या उपयोग नाही मॅम, तुम्ही आज बिझी आहात का?

मी आत बघितलं. नीलिमा कुशीवर झोपली होती, पंख्याच्या वाऱ्याने तिच्या ओढणीचं टोक हलत होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

‘हो,’ मी म्हणाले. ‘घरी माणूस आलंय.’

त्याला ते कारण वाटलं नसावं. बरं म्हणून त्याने फोन ठेवला. मी आवाज न करता आत आले आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. सहापर्यंत अडीच तास होते. मी तिला उठवलं नाही.